कुंपणाआतली वंशावळ

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत जुन्या मळेवाल्या घराण्यांचा मागोवा घेणारे हौशी संशोधक गावोगाव आहेत. कापूस, भात आणि ऊस यांच्या मळ्यांवर गब्बर झालेल्या या घराण्यांचे आजचे वंशज दफनभूम्या पालथ्या घालतात, थडग्यांवरची झिजलेली अक्षरे उतरवून घेतात, जुन्या वर्तमानपत्रांतले मृत्युलेख शोधतात आणि त्यांवरून पाच-सहा पिढ्यांची वंशावळ जुळवतात. जून २०१५ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय उपासकांची हत्या झाली. त्यानंतर झेंडे, पुतळे आणि रस्त्यांची नावे यांवरून जो वाद पेटला, त्याची धग या छंदालाही लागली. एक पक्ष म्हणतो, हा आमचा वारसा आहे, त्यात द्वेष नाही; मेलेल्यांना आजच्या न्यायासनापुढे खेचू नका. दुसरा पक्ष म्हणतो, ज्यांनी माणसे विकत घेतली आणि विकली, त्यांच्या संगमरवरी थडग्यांची आणि गोडगोड मृत्युलेखांची उजळणी म्हणजे गुलामगिरीच्या गळ्यात पुन्हा हार घालणे आहे. ते कागद धूळ खात पडले तरी बिघडत नाही.

हे भांडण तावातावाने चालले असले तरी दोन्ही पक्षांनी एक गोष्ट विनातक्रार मान्य केलेली आहे : घराणे म्हणजे लोखंडी कुंपणाच्या आत पुरलेली गोरी माणसे. त्यांना मान द्यायचा की नाही, एवढ्यावरच वाद आहे. माझे म्हणणे असे की या नोंदी वाचल्याच पाहिजेत, आज वाचल्या जातात त्याहून अधिक चिकाटीने वाचल्या पाहिजेत. पण त्यांवरून काढलेली वंशावळ कुंपणापाशी थांबली, तर ती वंशावळ म्हणूनच चुकीची ठरते. नीतिअनीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी हे खरे आहे. जन्म, नाते आणि वारसा यांची बिनचूक नोंद हे ज्या विद्येचे काम, तिने जन्मलेली मुले, असलेली नाती आणि वाटणीत गेलेली माणसे गाळली, तर त्या विद्येत उरले काय?

मृत्युलेख हा कसा साक्षीदार आहे, हे मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको. ‘मनमिळाऊ व परोपकारी स्वभावामुळे ते परिसरात परिचित होते. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे,’ या दोन वाक्यांपैकी पहिल्यावर कोणी पैज लावणार नाही. दुसऱ्यावर आपण सहज विश्वास ठेवतो. दक्षिणेतल्या मृत्युलेखांचेही तसेच आहे. त्यांतला ‘दयाळू मालक’ हा साच्यातून काढलेला आहे आणि त्याची किंमत शून्य. मात्र मृत्यूचा दिवस, गाव, सासर-माहेर, चर्च, हयात मुलांची नावे यांबाबत तो बराच भरवशाचा असतो. थडग्यांबाबत थोडे अधिक सावध राहावे लागते, कारण दगड उशिरा बसवले जातात आणि माणसे नेहमी मळ्यावरच मरत नाहीत. चार्ल्स्टनचे न्यायाधीश जॉन फॉशरॉ ग्रिमके १८१९ मध्ये उपचारासाठी उत्तरेला गेले आणि न्यू जर्सीतील लाँग ब्रँच येथे वारले. त्यांना तिथेच पुरले. संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस १८८९ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये पुरले गेले आणि १८९३ मध्ये त्यांचे अवशेष तिथून उचलून रिचमंडला नेण्यात आले. अशा चुका दुसऱ्या नोंदीशी ताडून दुरुस्त करता येतात. ‘असा परिवार आहे’ या शब्दांतून जे मुळातच वगळले गेले, त्याचे काय करायचे, हा खरा अवघड प्रश्न आहे.

एक घराणे जवळून पाहू. जेम्स हेन्री हॅमंड (१८०७–१८६४) हा दक्षिण कॅरोलायनाचा गव्हर्नर आणि पुढे अमेरिकी सिनेटर. बाप मॅसॅच्युसेट्सहून दक्षिणेत आलेला शिक्षक. घरची श्रीमंती नव्हती. १८३१ मध्ये त्याने कॅथरीन फिट्झसिमन्सशी लग्न केले आणि त्या लग्नामुळे सव्हाना नदीकाठचा सिल्व्हर ब्लफ हा मळा आणि त्यावर गुलामीत ठेवलेली १४७ माणसे त्याच्या ताब्यात आली. या घराण्याची गोरी बाजू थडग्यांवरून भराभर लागते, कारण आईचे किंवा आजीचे माहेरचे आडनाव मुलाला मधले नाव म्हणून देण्याची तिकडे रीत होती. एडवर्ड स्पॅन हॅमंड आणि पॉल फिट्झसिमन्स हॅमंड ही मुलांची दोन नावे वाचली की बापाच्या आईचे माहेर स्पॅन आणि मुलांच्या आईचे माहेर फिट्झसिमन्स, हे दगडच सांगतो. हौशी संशोधक इथे खूश होतो आणि पुढच्या थडग्याकडे वळतो. त्याने थोडे थांबायला हवे होते. ते मधले नाव म्हणजे ज्या वाटेने १४७ माणसे एका घराण्यातून दुसऱ्यात गेली, त्या वाटेवरचा मैलाचा दगड आहे. त्यांचे आधीचे मालक कोण, त्यांचे आईबाप कोणाच्या कागदपत्रांत सापडतील, याचे उत्तर त्या एका आडनावात आहे.

कॅथरीनची बहीण वेड हॅम्प्टन (दुसरा) याची बायको. म्हणजे हॅमंड आणि राज्यातल्या बड्या धेंडांपैकी एक असलेला हा हॅम्प्टन सख्खे साडू. या साडूच्या चार किशोरवयीन मुलींशी, आपल्या बायकोच्या सख्ख्या भाच्यांशी, हॅमंडने लैंगिक चाळे केले आणि ते स्वतःच्या रोजनिशीत लिहूनही ठेवले. १८४३ मध्ये प्रकरण घरात फुटले; हॅम्प्टनच्या वैरामुळे हॅमंडला कित्येक वर्षे राजकारणाबाहेर बसावे लागले आणि तरीही १८५७ मध्ये तो सिनेटवर निवडून गेला. त्या चार मुलींची मात्र कधीच लग्ने झाली नाहीत. वंशावळीत त्यांच्या नावांपुढे ‘अविवाहित’ एवढाच शब्द येतो आणि फांदी तिथे संपते. त्या शब्दामागे काय आहे, हे कोणत्या मृत्युलेखाने सांगितले असते?

कुंपणाबाहेरची हकीकत याहून काळी आहे. १८३९ मध्ये हॅमंडने सॅली जॉन्सन नावाची अठरा वर्षांची तरुणी आणि तिची तान्ही मुलगी लुइसा विकत घेतली. आधी सॅली आणि पुढे लुइसा जेमतेम बारा वर्षांची झाल्यावर ती, अशा दोघीही त्याच्या भोगाच्या झाल्या आणि दोघींना मुले झाली. १८५० मध्ये कॅथरीन याच कारणावरून घर सोडून गेली होती. १८५६ मध्ये हॅमंडने आपला मोठा मुलगा हॅरी याला पत्र लिहून सॅली, लुइसा आणि त्यांची मुले त्याच्या हवाली केली; त्यांतली काही आपली, एखादे कदाचित तुझेही असावे, हे त्याने लिहून दिले आणि त्यांना परक्यांची गुलाम होऊ देऊ नकोस, घराण्याच्या आतली गुलामी हीच त्यांच्यासाठी सर्वांत सुखाची अवस्था आहे, असे बजावले. बापाने मुलाला लिहिलेले हे पत्र वंशावळीच्या दृष्टीने कोणत्याही थडग्याहून मोठा पुरावा आहे. पितृत्वाची कबुली त्यात आहे, आईचे नाव आहे, तारीख आहे. एवढे एखाद्या गोऱ्या मुलाबद्दल सापडले असते, तर त्याला वंशावळीत घ्यायला कोणी क्षणभरही कचरले असते काय? हॅमंड १३ नोव्हेंबर १८६४ रोजी रेडक्लिफ या आपल्या वाड्यात वारला. दक्षिणेचा पराभव झाला तर माझ्या थडग्यावरून नांगर फिरवा, असे तो मरण्यापूर्वी म्हणाला होता. नांगर कोणी फिरवला नाही. थडगे बीच आयलंड येथे आहे आणि दफननोंदीत त्याची जागा पक्की आहे. दरम्यान त्याच्याच मळ्याच्या टिपणांनुसार १८३१ ते १८४१ या दहा वर्षांत सिल्व्हर ब्लफवर ७२ गुलाम मुले जन्मली आणि ७८ गुलाम माणसे मेली. कुंपणातल्या दगडांत या ७८ जणांपैकी कोणी नाही.

इथे पहिल्या पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. ते म्हणतात, त्या काळचा कायदा आणि रीत पाहा. दक्षिण कॅरोलायनात १८२० पासून विधिमंडळाच्या ठरावाशिवाय गुलामाला मुक्त करता येत नव्हते. १८४१ च्या कायद्याने मृत्युपत्रातून मुक्तता देण्याच्या पळवाटाही बुजवल्या. हॅमंडच्या मनात असते तरी लुइसाला तो सहज सोडू शकला नसता, मग मृत्युलेखात तिचे नाव कुठून येणार? कायद्याबद्दलचे हे म्हणणे खरे आहे. पण ते कायदे आकाशातून पडले नव्हते. ते करणारे विधिमंडळ मळेवाल्यांनीच भरलेले होते आणि हॅमंड स्वतः १८४२ ते १८४४ त्या राज्याच्या प्रमुखपदी होता. स्वतः बांधलेल्या भिंतीमुळे पलीकडचे दिसले नाही, ही सबब भिंत बांधणाऱ्याला शोभत नाही आणि त्याच्या वंशावळकाराला तर नाहीच नाही.

शिवाय ‘त्या काळची रीत’ एक होती हेच मुळात खोटे आहे. ज्यांचे थडगे न्यू जर्सीत आहे त्या न्यायाधीश ग्रिमके यांच्या सारा आणि अँजेलिना या दोन मुली मळेवाल्याच्याच घरात वाढल्या आणि गुलामगिरीविरुद्ध उघड व्याख्याने देऊ लागल्या. त्यांचा भाऊ हेन्री १८५२ मध्ये वारला. नॅन्सी वेस्टन या गुलाम स्त्रीपासून त्याला आर्चिबाल्ड, फ्रान्सिस आणि जॉन असे तीन मुलगे होते. त्यांना कुटुंबातले म्हणून वागवावे ही बापाची इच्छा होती. पण त्याच्या गोऱ्या मुलाने, म्हणजे सावत्र भावानेच, पुढे आर्चिबाल्ड आणि फ्रान्सिस यांना नोकर म्हणून राबवायला घेतले. आर्चिबाल्ड यादवी युद्ध संपेपर्यंत लपून राहिला. फ्रान्सिसला विकण्यात आले. १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठाच्या एका बातमीत ग्रिमके आडनावाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याची स्तुती अँजेलिनाच्या वाचनात आली. तिने त्याला पत्र लिहून विचारले, उत्तरात सारी हकीकत कळली, आणि दोन्ही बहिणींनी या मुलांना उघडपणे भाचे म्हणून जवळ केले आणि त्यांच्या शिक्षणाला मदत केली. आर्चिबाल्ड हार्वर्डमधून वकील झाला. फ्रान्सिस धर्मगुरू झाला आणि १८८४ मध्ये, गुलामीतून सुटून गुलामगिरीविरुद्ध लढलेले नेते फ्रेडरिक डग्लस यांचे दुसरे लग्न त्यानेच लावले. वर्तमानपत्रातल्या एका आडनावावरून नाते ओळखण्याचे हे काम आजचा प्रत्येक हौशी संशोधक करतो. अँजेलिनाने ते दीडशे वर्षांपूर्वी केले आणि मिळालेले उत्तर स्वीकारले. त्याच चार्ल्स्टनचे, त्याच वर्गाचे हे घराणे होते. मेरी चेस्नट तर गुलामगिरीवर उभ्या असलेल्या घरचीच बाई. तिनेही मार्च १८६१ मध्ये रोजनिशीत लिहून ठेवले की दुसऱ्यांच्या घरातल्या मिश्रवर्णी मुलांचा बाप कोण हे इथली प्रत्येक बाई सांगू शकते, आपल्या घरातली मात्र ढगांतून पडली असे तिला वाटते. म्हणजे माहीत सगळ्यांना होते.

आणि थोडे मागे गेले तर? रोमन लोकही गुलाम बाळगत, आणि कमी क्रूरपणे बाळगत असे कोणी म्हणणार नाही. तरी रोमन थडग्यांवरच्या शिलालेखांत एक नेहमीचा मजकूर आढळतो : ही जागा माझ्यासाठी, माझ्या माणसांसाठी, माझ्या मुक्त केलेल्या दासदासींसाठी आणि त्यांच्या वंशजांसाठी. जो अजून गुलाम होता त्याला ही जागा नव्हती, हे कबूल. पण मुक्त झालेल्याला घराण्याच्या थडग्यात घ्यायला आणि ते दगडावर कोरायला रोमला लाज वाटली नाही. खुद्द अमेरिकेतही लुइझियानाच्या कॅथलिक चर्चच्या वह्यांत गुलामांचे बाप्तिस्मे आणि दफने लिहिली जात. व्हर्जिनियाने १८५३ पासून मृत्यूंची सक्तीची नोंद सुरू केली तेव्हा गुलामांचे मृत्यूही मालकाच्या नावासह नोंदले गेले. नोंद ठेवणे अशक्य नव्हते. दक्षिणेच्या मोठ्या भागात ती ठेवायची नाही असे ठरले होते. मराठी वाचकाने यात आपल्याकडची एक तारीखही ध्यानात ठेवावी : १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला. हॅमंडला मरून तेव्हा नऊ वर्षे झाली होती. त्या काळचे मापदंड म्हणायचे ते कोणाचे, हॅमंडचे की फुल्यांचे? (हॅमंडचा संबंध मुंबईशीही लागतो, पण तो पैशाचा. कापूस हा राजा आहे, त्याच्याशी युद्ध करण्याची छाती कोणाची नाही, अशी गर्जना त्याने मार्च १८५८ मध्ये सिनेटमध्ये केली. तीन वर्षांत युद्ध सुरू झाले, दक्षिणेची बंदरे कोंडली गेली आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी खानदेश-वऱ्हाडच्या कापसाकडे मोर्चा वळवला. मुंबईत शेअरबाजार वेडा झाला तो याच काळात, आणि १८६५ मध्ये कोसळला तोही युद्ध संपल्यामुळेच.)

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. माझी सहानुभूती त्यांच्याकडे अधिक आहे, आणि म्हणूनच त्यांची चूक मला जास्त खटकते. मळेवाल्यांचे कागद मळेवाल्यांच्या डोळ्यांनी लिहिलेले आहेत, हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर. गुलामीतून सुटलेल्यांनी स्वतः मागे ठेवलेली साधने आहेत, मग जुन्या मालकाच्या थडग्याशी कशाला झुकायचे, हा त्यांचा प्रश्नही योग्य. पण ती साधने उघडून पाहावीत. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या आहेत. त्यांत मालकाचे नाव ठळक आणि त्याखाली माणसांऐवजी फक्त वय, लिंग आणि वर्ण. १८६० मध्ये देशात ३९,५३,७६० माणसे गुलाम होती आणि त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांची नावे जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० मध्ये. त्या वर्षापाशी शोध अडतो. त्या भिंतीत फट कुठे आहे? मुक्त झालेल्यांसाठी १८६५ मध्ये निघालेल्या फ्रीडमन्स बँकेच्या सुरुवातीच्या खाते-अर्जांवर पूर्वीच्या मालकाचे आणि मळ्याचे नाव विचारणारे रकाने होते. न्यू ऑर्लिन्सच्या साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट या पत्रात १८७९ पासून हरवलेल्या आप्तांचा शोध घेणाऱ्या जाहिराती येत. आपण अमक्याच्या मालकीचे होतो, तो मेल्यावर आई त्याच्या मुलीच्या वाट्याला गेली, मी धाकट्या मुलाच्या, मग त्याने मला टेक्सासला नेले, अशा धाटणीने त्या लिहिलेल्या असत. ताटातूट झालेल्या माणसांना आपली माणसे शोधण्यासाठी मालकाची वंशावळ तोंडपाठ ठेवावी लागली होती. त्यांनी जी वाट वापरली, ती आपण पवित्र्यापोटी बंद करायची?

त्या जाहिरातींत मालकाचा मृत्यू वारंवार येतो, याला कारण आहे. मळेवाला मेला की प्रोबेट, म्हणजे मृताच्या मालमत्तेचे न्यायालयीन प्रकरण, उघडे, मालमत्तेची यादी होई, आणि त्या यादीत खेचरे, नांगर, चांदीची भांडी यांच्या ओळीत माणसे नावानिशी आणि किमतीनिशी लिहिली जात. मग वारसांत वाटणी. मृत्युलेख ज्या दिवसाला शोकाचा दिवस म्हणतो, तो मळ्यावरच्या झोपड्यांत ताटातुटीच्या भीतीचा दिवस असे. जॉर्जियातील बटलर घराण्याचे भाताचे आणि कापसाचे मळे दोघा नातवांकडे आले. त्यांपैकी जॉन बटलर १८४७ मध्ये वारला. त्याचा भाऊ पिअर्स जुगारात आणि सट्ट्यात बुडाला. अखेर मळ्यावरच्या माणसांचे दोन वाटे झाले आणि पिअर्सच्या वाट्याची चारशेहून अधिक माणसे २ आणि ३ मार्च १८५९ रोजी सव्हानाजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर लिलावात गेली. लिलावाने ३,०३,८५० डॉलर मिळाले. घराण्याचा मूळ पुरुष मेजर पिअर्स बटलर फिलाडेल्फियात ख्राइस्ट चर्चच्या आवारात पुरलेला आहे, मळ्यापासून शेकडो मैल दूर. त्या आवारातून जॉर्जियाच्या खाजणात पोचायचे, तर आधी तिथल्या दगडावरची तारीख वाचावी लागते.

वाट खरोखर पोचते का? जॉर्जटाउन विद्यापीठाचे उदाहरण ताजे आहे. हे विद्यापीठ चालवणाऱ्या मेरीलँडच्या जेझुइटांनी (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) १८३८ मध्ये २७२ माणसे १,१५,००० डॉलरना लुइझियानातील हेन्री जॉन्सन आणि जेसी बेटी या मळेवाल्यांना विकली. जॉन्सन हा त्या राज्याचा माजी गव्हर्नर, त्यामुळे त्याच्या हालचालींचा आणि मळ्यांच्या खरेदी-विक्रीचा माग राहिला होता. विकलेल्यांत कॉर्नेलियस हॉकिन्स हा १३ वर्षांचा मुलगा होता. मळे पुढे कोणाकोणाकडे गेले ते पाहत आणि त्या भागातील कॅथलिक नोंदी चाळत संशोधक निघाले, आणि मरिंग्विन या लहानशा गावातल्या दफनभूमीत १९०२ मध्ये वारलेल्या कॉर्नेलियसचे थडगे त्यांना सापडले. २०१७ मध्ये जेझुइटांनी माफी मागितली आणि विद्यापीठाच्या एका इमारतीला त्याच विक्रीच्या यादीतले पहिले नाव, आयझॅक हॉकिन्स, देण्यात आले. तो कॉर्नेलियसचा आजोबा. इथे मालकांचे कागद फेकून दिले असते, तर १३ वर्षांचा मुलगा आणि १९०२ चे थडगे यांची गाठ कशी पडली असती?

या पद्धतीला मर्यादा आहेत. सर्वांत मोठी म्हणजे आडनावाची. मुक्त झालेल्याने शेवटच्या मालकाचे आडनाव घेतलेच असेल असे नाही. कोणी पहिल्या मालकाचे घेतले, कोणी बापाच्या मालकाचे, कोणी स्वतःला रुचले ते. म्हणून हॅम्प्टन आडनावाचा प्रत्येक कृष्णवर्णीय हॅम्प्टनांच्या मळ्यावरचा, असा सरधोपट निष्कर्ष काढणारे लोक मोठे नुकसान करतात, आणि या कारणासाठी सावध इतिहासकार या छंदाकडे नाक मुरडतात ते गैर नाही. याचे उत्तर मालकांची साखळी अधिक पिढ्या, माहेरच्या बाजूनेही लावणे हेच आहे. अर्धी लावून सोडणे नव्हे.

दफनभूमीची जमीन हा प्रश्न वेगळा आणि अधिक निकडीचा. गुलामांच्या दफनभूमीत कोरलेले दगड क्वचित असतात. उशाशी पायथ्याशी ठेवलेले साधे धोंडे, शिंपले, फुटकी भांडी, जमिनीतले पूर्व-पश्चिम लांबट खळगे एवढ्यावर ती ओळखावी लागते. जागा विकली की हे सगळे बुलडोझरखाली जाते किंवा फाटकाआड जाते. दक्षिण कॅरोलायनातील हिल्टन हेड बेटावरची ब्रॅडॉक पॉइंट ही जुनी दफनभूमी आज सी पाइन्स या फाटकबंद वसाहतीच्या आत आहे. अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन याच्या माँटिसेलो या मळ्यावर तर घराण्याची आणि गुलामांची अशा दोन्ही दफनभूम्या आहेत. घराण्याची दफनभूमी त्याच्या मान्यताप्राप्त वंशजांच्या संघटनेकडे आहे आणि १९९८ मध्ये डीएनए चाचणीचे निष्कर्ष छापून आल्यावरही २००२ मध्ये त्या संघटनेने जेफरसनच्या गुलामीत असलेल्या सॅली हेमिंग्जच्या वंशजांना सदस्यत्व नाकारले. त्याच टेकडीवरील गुलामांच्या दफनभूमीचा पत्ता पुरातत्त्वज्ञांनी पक्का केला तो एकविसाव्या शतकाच्या तोंडावर. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने कृष्णवर्णीयांच्या दफनभूम्यांच्या संरक्षणासाठी अनुदानाचा कायदा केला, ही चांगली गोष्ट. पण पैसा खर्च करायचा तर जागा कुठे ती कळली पाहिजे, आणि ते सांगणारे मळ्यांचे नकाशे आणि टिपणवह्या बहुधा वंशजांच्या माळ्यावर असतात.

त्या वंशजांचा यात दोष काय, असे विचारले जाते. काहीच नाही. पणजोबाच्या पापाबद्दल कोणी छाती बडवावी अशी माझी अपेक्षा नाही, आणि तसली जाहीर छाती बडवणारी माणसे मला थोडी संशयास्पदच वाटतात. पण कागद त्यांच्याकडे आहेत. हॅमंडच्या एका पणतवाने, जॉन शॉ बिलिंग्ज यांनी, घराण्याचे कागद जपले आणि दक्षिण कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिले. १९७३ मध्ये रेडक्लिफचा वाडाही राज्याला दिला. भाच्यांबद्दलच्या कबुल्या असलेली हॅमंडची रोजनिशी १९८८ मध्ये छापून आली, कारण ती कोणी जाळली नव्हती. ज्या घराण्यांनी असे कागद जाळले किंवा कुलपात ठेवले, त्यांच्या वंशावळी आज अधिक स्वच्छ दिसतात. त्या स्वच्छतेला पुरावा समजण्याची चूक हौशी संशोधक रोज करतो.

काम अगदी ठोस आहे. थडग्यांच्या ज्या सूच्या आज संगणकावर चढवल्या जातात, त्यांत प्रत्येक मळेवाल्याच्या पानावर जन्म, मृत्यू, पत्नी, मुले असे रकाने आहेत. त्यांना आणखी एक जोडावा : त्याच्या प्रोबेटच्या यादीत, लग्नाच्या करारात किंवा मृत्युपत्रात ज्यांची नावे आहेत ती गुलाम माणसे, वयासह, आणि वाटणीत कोण कोणाकडे गेले ते. व्हर्जिनियाच्या कारकुनांनी १८५३ नंतर गुलामाच्या मृत्यूपुढे मालकाचे नाव लिहिले. आपल्याला तीच नोंद उलट्या बाजूने लिहायची आहे. थडग्याच्या पानावर माणसांच्या किमती छापणे अशोभनीय दिसेल, अशी तक्रार काही सज्जनांनी केलेली आहे. किमतीही छापाव्यात. एकाच नावाच्या दोन स्त्रिया दोन याद्यांत आल्या, तर वय आणि किंमत यांवरूनच त्या एक की वेगळ्या हे ठरते, आणि यादी करणाऱ्याने तो आकडा लिहिला तेव्हा शोभेचा विचार केला नव्हता.